चौतीस पांढरे दगड

जबाब देणारीचं नाव: ओळखपत्रावर आहे ते कुणी वापरत नाही. धक्क्यावर आणि खाडीत सगळे ओहोटीआजी म्हणतात.
वय: बहात्तर, दोन-चार इकडे-तिकडे.
धंदा: चिखलातले शिंपले काढून विकणे, पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून नेणे-आणणे.
राहणार: धक्क्यामागची गल्ली, बर्फाच्या कारखान्याला लागून, निळं दार.
अक्षरओळख: नाही. कान शाबूत आहेत.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, मी तीच म्हातारी, जी बारा दिवसांपूर्वी याच बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत बसून गेली. साहेबांना आठवत नसेल. चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलाखाली शोधणाऱ्या माणसाला म्हातारी कुठून आठवणार? तेव्हा साहेब म्हणाले होते, "आजी, लिहून आणा." मी म्हटलं, लिहिता येत नाही. साहेब म्हणाले, "बरं, लक्षात ठेवतो." आज साहेबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, याआधी कधी ठाण्यात आला होतात का?" म्हणून आज मी जे बोलेन ते सगळं कागदावर उतरवायचं. लक्षात ठेवायचं काम साहेबांकडे नको.

हवालदार म्हणाले, हे गाळतो. मी म्हटलं, गाळा, मग अंगठाही गाळा. त्यांनी लिहिलं.

माझ्याविरुद्ध मनोऱ्याच्या कामावरच्या मुकादमाने तक्रार दिली आहे. आज सकाळी मी चालू ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली आणि काम बंद पाडलं, अशी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावर वेळ घालवायला नको. मला साडेआठला इथे आणलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झालेत असं हवालदार सांगतात. आधी खाडीवर जाऊन पंचनामा करा, असं मी तीनदा म्हटलं. आधी जबाब, मग पंचनामा, असा इथला क्रम आहे असं कळलं. म्हणून मी भराभर सांगते, हवालदारांनी भराभर लिहावं. उन्हाचा प्रश्न आहे. तो पुढे येईल.

माझ्या कामाची माहिती अशी. नदी समुद्राला मिळते तिथे पक्षी बघायच्या चार जागा आहेत. पहिली जुना धक्का. तिथे पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात, धुणं घातल्यासारखे. दुसरी लव्हाळ्याचा पट्टा. तिथे आवाज फार, दर्शन थोडं. तिसरी पुलाखालचा चिखल. ओहोटीला तिथे लांब वाकड्या चोचीचे पाहुणे उतरतात. मी शिंपले काढते तिथेच तेही काढतात, आणि इतक्या वर्षांत आमचं कधी भांडण झालेलं नाही. तिथेच एक राखी बगळा असतो. दिवसभर एका पायावर उभा, हालचाल काही नाही, जेवण मात्र वेळेवर. त्याला मी साहेब म्हणते. फार पूर्वीपासून म्हणते, आजच्या रागातून नाही.

चौथी जागा वाळूचा दांडा. खाडीच्या तोंडाशी वाळूची लांबट पाठ आहे, पाण्याच्या वर राहते. मोठी भरती सोडली तर एका अरुंद मानेने ती किनाऱ्याला जोडलेली असते. भर उन्हाळ्यात तिथे चिखल्या आणि सुरय अंडी घालतात. चिखल्या म्हणजे मुठीएवढा पक्षी, वाळूवरून चाकं लावल्यासारखा पळतो. सुरय पांढरी, टोकदार पंखांची, वरून पाण्यात सूर मारून मासा उचलते. घरटं म्हणजे नुसता खळगा. काडी नाही, गवत नाही. अंडी वाळूच्याच रंगाची, वर काळे ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, आणि आल्यावर बघून उपयोग नाही.

आठ वर्षांपूर्वी एक पाहुणे दुर्बिणीतून आकाशातली सुरय बघत बघत मागे सरकले आणि तीन अंड्यांवर उभे राहिले. दुर्बीण डोळ्याला लागली की आपल्याला पाय आहेत हे माणूस विसरतो. ते गृहस्थ दांड्यावर बसून ढसाढसा रडले. रडून अंडं जुळत नाही. त्या वर्षापासून मी आणि माझी नात दर हंगामात खुणा करतो. नात चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी येते. प्रत्येक घरट्यामागे एक दगड, चुन्याने पांढरा केलेला, किनाऱ्याच्या बाजूला ठेवायचा. दगडापासून समुद्राकडे दोन पावलांवर घरटं. नियम एवढाच, की पांढऱ्या दगडाच्या पलीकडे पाऊल नाही. पाटी लावली नाही, कारण मला लिहिता येत नाही आणि चिखल्यांना वाचता येत नाही. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी तोंडी सांगते. आठ वर्षांत एकही अंडं फुटलं नाही.

यंदा चौतीस दगड होते. नात वहीत लिहिते. मी दर घरट्यामागे एक शिंपला डब्यात टाकते. डबा इथे टेबलावर आहे. हवालदारांनी मोजले, चौतीस भरले.

आता मुकादमाबद्दल. चौथ्या जागेवर लोकांना पक्षी नीट दिसावेत म्हणून मनोरा बांधायचं ठरलं आहे. त्यासाठी सामान न्यायला दांड्यावरून वाट हवी. वीस दिवसांपूर्वी मुकादम माणसं घेऊन आला आणि दांड्याच्या मागच्या अंगाला, घट्ट जमिनीवर, वाटेच्या खुणेसाठी बारा दगड ठेवून गेला. चुन्याने पांढरे केलेले.

मी दुसऱ्या दिवशी त्याला गाठलं. तो पत्र्याच्या खोपीत पंखा लावून बसला होता. आमचं बोलणं असं झालं.

मी म्हटलं, "बाबा, तुझे दगड आणि माझे दगड एकाच रंगाचे झालेत."

तो म्हणाला, "मग छानच की आजी. जुळं."

मी म्हटलं, "तुझा गाडीवाला माझ्या दगडांच्या मागे लागला तर?"

तो म्हणाला, "आजी, माझी माणसं आंधळी आहेत का?"

मी म्हटलं, "दगडाला तुझं तोंड नाही लावलेलं. तुझे लाल कर. बारा तर आहेत."

तो म्हणाला, "बघतो रंगाचं."

त्याने बघितलं नाही. आठव्या दिवशी मी इथे आले. ते वर आलंच आहे. तेव्हा टेबलावर आत्ता आहे तीच टोपी होती आणि तोच पेला.

आज सकाळची हकीकत. उजाडल्यावर मी पुलाखालच्या चिखलात होते. पाणी पार उतरलं होतं. साधारण सातला दांड्याकडून इंजिनाचा आवाज आला. मान वर करून बघितलं तर ट्रॅक्टर, मागे लोखंडी खांबांची ट्रॉली, मानेवरून दांड्यावर चढलेला. मागच्या अंगाला वळायला हवा होता. तो पुढच्या अंगाला वळला. माझा पहिला दगड जिथे आहे तिथे.

मी हाका मारल्या. वारा माझ्या तोंडावर होता. मधल्या प्रवाहात ओहोटीलाही पाणी असतं. होडीने तो एरवी ऐंशी वल्ह्यांत पार होतो. आज किती मारली ते मोजलं नाही. आकाशात सगळे पक्षी उठले होते, चौतीस घरट्यांचे दोन्ही आईबाप, आणि ते ओरडत होते. ट्रॅक्टरवाल्याला ते ऐकू गेलं नाही. इंजिनाजवळ बसलेल्याला ऐकू येत नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगते.

मी दांड्यावर पोचले तेव्हा तो सत्ताविसाव्या दगडापाशी होता. मी पुढे उभी राहिले. तो थांबला. मी पायरीवर चढून किल्ली काढली. तो म्हणाला, "अहो आजी, काय करताय?" मी म्हटलं, "खाली उतर." तो उतरला.

हवालदारांनी इथे "सदर इसम" असं लिहिलं होतं. मी माणूस लिहायला सांगितलं. तिशीतला आहे, दोन मुली आहेत, ट्रॅक्टर दुसऱ्याचा आहे, आणि दांड्यावर आज पहिल्यांदाच आला होता. मुकादम सोबत नव्हता. मुकादमाने त्याला फोनवरून सांगितलं होतं, पांढरे दगड डाव्या हाताला ठेवून सरळ चालव. त्याने तसंच केलं. अगदी काटेकोर केलं. दगड डाव्या हाताला ठेवले म्हणजे उजवीकडे दोन पावलांवर चाक. एकही घरटं चुकलं नाही. आंधळेपणाने गाडी घातली असती तर पाच-दहा तरी वाचली असती.

मी त्याला चाक दाखवलं. टायरच्या खाचांत पिवळं लागलं होतं आणि त्याला कवचं चिकटली होती. तो खिशातल्या रुमालाने पुसायला लागला. मी म्हटलं, "पुसू नको. पंचनाम्याला लागेल." तो रुमाल हातात धरून तसाच उभा राहिला. म्हणाला, "मला वाटलं दगड त्यांचेच."

सत्तावीस गेली. सात राहिली. पाच चिखल्यांची, दोन सुरयची. ट्रॅक्टर अठ्ठाविसाव्या घरट्यापासून सहा पावलांवर उभा आहे.

आठच्या सुमारास मुकादम चार माणसं घेऊन आला. सत्तावीस खळग्यांकडे त्याने बघितलं नाही, घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, "म्हातारे, किल्ली दे. पाखरं परत घालतील अंडी, माझे दिवस परत येणार नाहीत." मी दिली नाही. किल्ली दिली की तो उरलेल्या सातांवरून जाणार, कारण ट्रॉलीसकट वळायला त्याला तिथे जागा नाही. त्याने फोन केला. जीप आली. मला आणलं. फोन आला की साहेब बारा मिनिटांत दांड्यावर पोचू शकतात हे त्यामुळे मला आज समजलं.

आता उन्हाचं. मी इथे असताना मुकादमाची चार माणसं ट्रॅक्टरच्या सावलीत बसली आहेत. राखण करतात म्हणे. माणूस इतका जवळ असेल तर पक्षी खाली उतरत नाही. सकाळपासून सात घरटी उघडी आहेत.

यावर साहेब आतून बाहेर आले आणि म्हणाले, "आजी, पक्षी अंडी उबवतात ना? मग ऊन लागलं तर बरंच की."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी अंडं उकडायला किती वेळ लागतो?"

हवालदार म्हणाले, "दहा मिनिटं." हेही मी लिहायला लावलं.

भर उन्हाळ्यात दिवसा चिखल्या अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, पळत परत येते आणि ओल्या पोटाने बसते. मग ही उठते, तो बसतो. दिवसभर पाळी चालते, दोघांपैकी एकजण भिजलेला हवाच. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. शिंपल्यांची टोपली डोक्यावर घेऊन उभी राहून पाहिलं आहे. आत्ता ते दोघे ओल्या पोटाने वर घिरट्या घालत असतील आणि पोट हवेतच वाळत असेल. इथे पंखा आहे. इथे सगळ्यांना पंखा आहे.

किल्ली कुठे आहे, असं मला या जबाबात चार वेळा विचारण्यात आलं. हवालदारांनी माझी होडी तपासली. घरी माणूस पाठवून सुनेला पिठाचे डबे उघडायला लावले. तिने नंतर तेच पीठ चाळून घेतलं असेल, माझी सून तशी आहे. किल्ली कुठे आहे ते मी सांगणार नाही, असं मी सांगते.

वरचा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. वाचताना ते तक्रारीच्या जागी थांबले आणि म्हणाले, "आजी, मुकादमाच्या तक्रारीत असं आहे की दगड तुम्ही विनापरवाना ठेवले आणि तुमच्या दगडांमुळेच हे झालं. त्यावर काय लिहू?"

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा वाचलं. मुकादमाचं सगळं होतं. साहेबांचं सगळं होतं. एक गोष्ट नव्हती. मी सांगितलीच नव्हती तर ते लिहिणार कुठून? ती आता सांगते. ती खाली कोपऱ्यात लिहू नये, बाकीच्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावी.

मुकादमाकडून परत आले त्या संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, आपणच आपले रंगवू. दुकानाच्या शटरचा लाल रंग उरलाय, मी मागून आणलाय. एका दुपारचं काम आहे."

मी म्हटलं, "आठ वर्षं माझे दगड पांढरे आहेत. आधी कोण आलं? रंग त्याने बदलायचा."

ती म्हणाली, "तू बरोबरच आहेस गं. पण अंडी दगडाच्या भरवशावर आहेत, तुझ्या बरोबर असण्याच्या नाहीत."

मी म्हटलं, "तू चष्मे विक."

मग मी मुकादमाकडे दोनदा गेले, इथे आले, अख्ख्या धक्क्याला सांगितलं की मी कशी बरोबर आहे. लाल रंगाचा डबा आमच्या निळ्या दाराआड आहे. झाकण उघडलेलं नाही. पंचनाम्यात तोही घ्यावा. मुकादमाने बघितलं नाही आणि साहेबांनी लिहिलं नाही, हे खरंच आहे आणि त्याचा राग मी कमी करणार नाही. पण दगड सत्तावीस घरट्यांच्या शेजारी मी माझ्या हाताने ठेवले होते. परवाना नव्हता, हे मान्य. असता तरी चाक अंड्यांवरूनच गेलं असतं.

हवालदार लिहिता लिहिता थांबले होते. मी म्हटलं, "पेन चालवा, ऊन चालतंय."

साहेबांनी चष्मा कपाळावरून काढून हातात घेतला. मला विचारलं, "आजी, काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. ट्रॅक्टरजवळची माणसं आत्ता उठवायची, मानेच्या अलीकडे आणायची. ट्रॉली सोडवून किनाऱ्याच्या बाजूला सरकवून ठेवायची. ट्रॅक्टर पुढे न्यायचा नाही. आला त्याच चाकोरीतून उलटा काढायचा. त्या चाकोरीत आता मोडायला काही उरलेलं नाही. मी मागे चालेन आणि हात दाखवेन. चालवणार तोच माणूस, आजचा. दुसरा नको. त्याला आता माहीत आहे.

साहेबांनी फोन लावला आणि मुकादमाला माणसं हटवायला सांगितलं. मुकादम काहीतरी म्हणत होता. साहेब म्हणाले, "तुमचे दिवस नंतर मोजू." तेव्हा अकराला पाच कमी होते. हाच फोन साडेआठला करता आला असता. तोच फोन आहे, तोच नंबर आहे. हे वाक्य गाळू नये.

त्यानंतर मी किल्ली दिली. ती माझ्या टोपलीत, शिंपल्यांच्या खाली होती. टोपली सकाळपासून हवालदारांच्या पायाशी आहे. वास येतो म्हणून त्यांनी ती दोनदा बुटाने सरकवली.

माझी मुकादमाविरुद्ध तक्रार आहे. माझ्याविरुद्धची जी आहे तीही ठेवा. सातांपैकी किती घरट्यांवर पक्षी परत बसतात ते मला आज ऊन उतरताना कळेल. जी बसतील त्यांची पिल्लं निघायला आठ-नऊ दिवस आहेत. तितके दिवस मी दांड्याच्या मानेवर बसणार आहे, छत्री घेऊन. शिंपले राहू देत. कुणाला चौथी जागा बघायची असेल त्याने आधी माझं तोंड बघावं.

एवढा जबाब हवालदारांनी मला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा न अडखळता. मी बोलले तेच यात आहे, आणि आधी मी जे गिळलं होतं तेही आहे. त्याखाली माझा डावा अंगठा. शाई पुसायला मी यांचा कागद घेतला नाही.

याची एक प्रत घरी जाणार आहे, तेव्हा सुनेसाठी निरोप इथेच लिहावा. हवालदार नाही म्हणाले, साहेबांनी लिहा म्हटलं. सूनबाई, पीठ चाळून ठेवलंस ते बरं केलंस. नात दुकानातून आली की तिच्याबरोबर लाल रंगाचा डबा आणि जुना ब्रश पाठव, सात दगडांपुरता. जेवणाला भात पाठव, वर पातळ डाळ, जरा मीठ जास्त, आणि पाण्याच्या दोन बाटल्या. डबा मानेच्या अलीकडे ठेवून हाक मारायची, मी येईन घ्यायला. पुढे कुणी यायचं नाही, तूसुद्धा. आणि अंडी पाठवू नकोस. उकडलेली तर नकोच.